आज चांगलं काय झालं?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘ताणतणाव आणि जीवनातील छोटे आनंद’ असा छापला आहे. तो वाचून आमच्या सौ.ने विचारलं, “यातलं तुला नक्की कशातलं कळतं?” मी म्हटलं, पहिल्यातला दहा वर्षांचा अनुभव आहे, दुसऱ्याचा थोडा अभ्यास करून जातो. तर आज तो अभ्यास तुमच्यापुढे मांडतो. बटाटेवडे गार व्हायच्या आत थांबेन, हा शब्द देतो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या क्षेत्रातली एक गंमत सांगतो. सर्व्हर वर्षभर बिनतक्रार चालला, तर कुणीही फोन करून “वा, काय छान चाललाय” म्हणत नाही. तोच पाच मिनिटं बंद पडला की रात्री दोन वाजता मोबाईल कोकलायला लागतो. व्यवस्थाच तशी बांधलेली असते. बिघाड झाला की बोंब मारायची आणि सुरळीत चाललं असेल तर गप्प बसायचं. यंत्राच्या बाबतीत हे अगदी योग्य आहे. प्रश्न असा आहे की आपण माणसंही हळूहळू तशीच व्हायला लागतो.

घरी आल्यावर “कसा गेला दिवस?” या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, ते आठवा. शेख झायेद रोडवरचा ट्रॅफिक, सालिकचे कापले गेलेले पैसे, मॅनेजरचा मेल, शाळेची फी, घरभाड्याचा पुढचा चेक. म्हणजे दिवसभरातले सगळे ‘एरर’ आपण वाचून दाखवतो. याच दिवसात काही बरंही घडलेलं असतं, पण त्याची नोंद ठेवायला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता कुणी म्हणेल, अहो, ताण खराच असतो, तो काय आम्ही हौसेने घेतो? अगदी बरोबर. आपल्या मनखूलच्या इमारतींमधून संध्याकाळी दिवे लागतात, तेव्हा त्यातल्या किती घरांत कसल्या कसल्या चिंता असतील, हे इथे बसलेल्या कुणालाही सांगायला नको. नोकरीवर व्हिसा अवलंबून आणि व्हिसावर मुलांची शाळा. ठाण्यात नाहीतर पुण्यात घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते चालू. आईवडिलांचं वय वाढतंय. रात्री अवेळी भारतातून फोन वाजला की तो उचलेपर्यंत छातीत धडधडतं. विमानाने तीन तासांवर घर आहे खरं, पण ते तीन तास कधी कधी फार लांब असतात.

या ताणावर आपण आखाती मराठी माणसांनी एक उपाय काढला आहे. तो म्हणजे ‘नंतर’. कर्ज फिटलं की मग बघू. मुलीची दहावी झाली की मग जाऊ. आणि सगळ्यात मोठं ‘नंतर’ म्हणजे ‘परत गेल्यावर’. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली आणि वीस वर्षं झालेली मंडळी या सभागृहातच बरीच असतील. आपण बाल्कनीत तुळस सोडून दुसरं झाड लावत नाही, कारण आपण थोडेच इथे कायमचे आहोत? चांगल्या कपबश्या भारतातल्या कुलूपबंद फ्लॅटमध्ये खोक्यात ठेवलेल्या आणि इथे आपण सेलमधल्या मगमधून चहा पितो. आयुष्य तिकडे, नुसता पगार इकडे, अशी आपली समजूत. दिवस मात्र इकडचेच खर्ची पडत असतात.

यावर काही शास्त्रीय सापडतं का म्हणून मी वाचायला घेतलं. अमेरिकेत रिचर्ड लॅझरस नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९८१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. शंभर मध्यमवयीन माणसांकडून त्यांनी महिनोन्महिने रोजच्या कटकटींच्या आणि रोजच्या सुखद गोष्टींच्या याद्या भरून घेतल्या. त्यांना असं दिसलं की माणसाच्या मनःस्थितीचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या उलथापालथींपेक्षा या बारीकसारीक कटकटींवरून जास्त चांगला बांधता येतो. म्हणजे किल्ली न सापडणं, पार्किंग न मिळणं ही सगळी किरकोळ वाटणारी मंडळी आपल्याला आतून पोखरत असतात. मात्र सुखद गोष्टींची यादी मोठी असली म्हणून ताण आपोआप कमी होतो, असं काही त्यात दिसलं नाही. हे मुद्दाम सांगतो. छोटा आनंद हे ताणावरचं औषध आहे, असं सांगणारे मेसेज आपल्याला रोज सकाळी येतात. ते तेवढं खरं नाही. जमा आणि खर्च अशी साधी वजाबाकी इथे होत नाही.

मग छोट्या आनंदाचा उपयोग काय? याचं उत्तर मला लॅझरस यांच्याच सहकारी सुझन फोकमन यांच्या कामात मिळालं. १९९० च्या दशकात त्या सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने आजारी असलेल्या जोडीदारांची घरी शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास करत होत्या. तेव्हा त्या आजारावर परिणामकारक औषधं नव्हती. डोळ्यांदेखत आपलं माणूस झिजताना पाहायचं, हेच त्यांचं रोजचं आयुष्य. संशोधक त्यांना साहजिकच ताणाबद्दल प्रश्न विचारत. काही आठवडे गेल्यावर या शुश्रूषा करणाऱ्यांनीच तक्रार केली, की तुम्ही आम्हाला फक्त वाईट काय झालं तेच विचारता, चांगलं काय झालं ते कधी विचारतच नाही!

संशोधकांनी मग तोही प्रश्न घातला. आणि जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत लोकांनी काही ना काही चांगलं सांगितलं. फार मोठं काही नाही. मनापासून केलेला स्वयंपाक, मित्राने काढलेला एक चांगला शब्द, असंच साधं. आजार तिथेच होता, दुःखही तिथेच होतं. पण त्याच्या शेजारी या गोष्टीही होत्या आणि त्यांच्या आधारावर ती माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहत होती. आनंदाने ताणाची जागा घेतली नाही, तो ताणाच्या शेजारी येऊन बसला. मला वाटतं, आपण जे ‘नंतर’वर टाकतो ते इथेच चुकतं. ताण संपला की आनंद सुरू होईल असा आपला हिशेब असतो. ताण काही संपत नाही, आणि दरम्यान शेजारची खुर्ची रिकामीच राहते.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मला डॉ. अनिल अवचट आठवतात. हमाल, देवदासी, व्यसनात बुडालेली मुलं, यांच्याबद्दल त्यांनी आयुष्यभर लिहिलं. ‘गर्द’वरच्या त्यांच्या लेखनातूनच पुढे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत मिळाली आणि १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्याची धुरा त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा अवचट यांनी सांभाळली. पुढे त्यांना कॅन्सर झाला आणि १९९७ साली त्या गेल्या. एवढं सगळं वाट्याला आलेला हा माणूस कागदाच्या घड्या घालून ओरिगामी करायचा, लाकडात शिल्पं कोरायचा, बासरी वाजवायचा आणि आवडीने स्वयंपाकही करायचा. ‘छंदांविषयी’ नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. समाजाचं दुःख संपल्यावर बासरी हातात घेईन, असं ते म्हणाले असते तर २०२२ साली जाईपर्यंत एक सूरही निघाला नसता.

आता आपल्या मनखूलचं बघू. इथे काय आहे? म्हटलं तर बिल्डिंगी, हॉटेल अपार्टमेंट आणि पार्किंगची मारामारी. पण नोव्हेंबरमधली ती एक सकाळ आठवा, जेव्हा सहा महिन्यांनी आपण पहिल्यांदा एसी बंद करतो आणि खिडकी उघडतो. घरघर थांबते आणि एकदम रस्त्यावरचे आवाज, कुणाच्या तरी घरातली फोडणी, लांबून येणारी अजान, सगळं आत येतं. भारतात असताना खिडकी उघडण्याचं आपल्याला कधी कौतुक होतं का?

कॅफेटेरियातला ‘करक’ घ्या. हा शब्द आपल्याच ‘कडक’चा अरबी अवतार. गाडीतून हॉर्न वाजवला की पोरगा कागदी कप घेऊन धावत येतो. चालत जाण्याच्या अंतरावर खाडी आहे. एका दिरहममध्ये आब्रात बसून पलीकडे देईराला जाता येतं. पाचसात मिनिटं खारा वारा, समुद्रपक्षी आणि शेजारी जगातल्या कुठल्याही देशाचा माणूस! आपण त्यात कधी बसतो? भारतातून पाहुणे आले की. एप्रिलमध्ये हापूसची पेटी घरात आली की दार उघडल्याबरोबर वास येतो आणि सगळं घर दोन मिनिटांसाठी कोकणात जातं.

आणि रविवार! जानेवारी २०२२ पासून इथली सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी गेली आणि बऱ्याच कंपन्यांनीही ती स्वीकारली. त्याआधी शुक्रवार-शनिवार सुट्टी असे आणि रविवारी आपण डबा घेऊन कामाला जात असू. तिकडे आईबाबांचा निवांत रविवार, इकडे आपल्या आठवड्याचा पहिला दिवस. आता आपल्यापैकी बऱ्याच जणांचा रविवार भारताबरोबर जुळला आहे. इथे आठ वाजले की तिथे साडेनऊ. फोन लावला की आई म्हणते, “थांब हं, गॅस बारीक करते, पोहे टाकलेत.” मागे कढईत पोहे परतल्याचा आवाज येतो. एवढंच. पण किती वर्षांनी दोन घरांत एकाच वेळी रविवार झाला!

मंडळी, एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. छोट्या आनंदावर बोलणं आपल्याला एसी हॉलमध्ये सोपं आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उन्हात काम करणाऱ्या कामगारांना दुपारी साडेबारा ते तीन काम थांबवून सावलीत विश्रांती देण्याचा नियम या देशात वीस वर्षांहून अधिक काळ आहे. त्या अडीच तासांतली सावली आणि गार पाणी हा आनंदच आहे. पण तो त्या माणसाने ‘सकारात्मक दृष्टिकोन’ ठेवून मिळवलेला नाही. कुणीतरी विचार केला, नियम केला, सावलीची सोय केली, तेव्हा तो मिळाला. ज्याची चिंता पैशाची आहे किंवा औषधाची आहे, त्याला “लहान गोष्टींत आनंद शोध” असं सांगणं बरं नव्हे. त्याच्या डोक्यावरचा भार थोडा कमी केला, तर आनंद शोधायला त्याला आपल्या सल्ल्याची गरज पडत नाही. दरवाजाजवळच्या टेबलावर आजची पावतीपुस्तकं का ठेवली आहेत, याचं उत्तर माझ्या मते यातच आहे.

शेवटी एकच छोटं काम सुचवतो. इंजिनिअर असल्यामुळे गृहपाठ दिल्याशिवाय माझं भाषण पूर्ण होत नाही! आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाने एकमेकांना विचारा, “आज चांगलं काय झालं?” ताणाचंही खुशाल बोला, तो लपवू नका. पण त्याच्याबरोबर हाही प्रश्न असू द्या. पहिले दोनतीन दिवस मुलं खांदे उडवतील, नवरेमंडळी “काही विशेष नाही” म्हणतील. नेटाने विचारत राहा. विचारणारं कुणी आहे हे कळलं की माणूस दिवसभर नजर ठेवायला लागतो. आणि भारतातल्या फोनवरही “तब्येत कशी आहे, गोळ्या घेतल्या का” याच्या जोडीला आईबाबांना हे जरूर विचारा. त्यांना हा प्रश्न कित्येक वर्षांत कुणी विचारलेला नसेल.

आणि हो, यंदाच्या सुट्टीत भारतात गेलात की त्या खोक्यातल्या चांगल्या कपबश्यांपैकी दोन तरी इकडे घेऊन या. फुटल्या तर फुटल्या.