दिल्लीचा हिवाळा आणि कॅमेरा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिल्लीच्या हिवाळ्याचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांचे बोलणे दोन वाक्यांत आटोपते. थंडी फार पडते आणि गाड्या उशिरा येतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सफदरजंगच्या वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी पारा शून्याच्याही खाली, उणे ०.६ अंशांवर उतरला होता. ३० डिसेंबर २०१९ रोजी तर भर दुपारीदेखील तो ९.४ अंशांच्या वर चढला नाही; डिसेंबरातला इतका गारठलेला दिवस १९०१ पासूनच्या नोंदींत आढळत नाही. परंतु गावाकडून आलेल्या पाहुण्यांना सांगण्यापुरतेच हे आकडे उपयोगी. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या ऋतूत कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाविषयी.

उन्हाळ्यात दिल्ली पडद्याआड जाते. कूलर लावून, दारे लोटून घेऊन माणसे संध्याकाळची वाट पाहतात. हिवाळ्यात नेमके उलट घडते. घर थंडगार पडते आणि ऊन बाहेर असते. साहजिकच माणसे आपली कामे उचलून बाहेर येतात. मटार सोलणे, केस वाळवणे, तान्ह्या मुलाला तेल लावणे, हिशेब लिहिणे, दाढी करणे, पत्ते खेळणे, किंबहुना भांडणेसुद्धा उन्हात चालतात. या शहराचे रोजचे जीवन उघड्यावर मांडले जाते ते याच अडीच-तीन महिन्यांत. छायाचित्रकाराला याहून अधिक काय हवे?

त्यात प्रकाशही साहाय्याला येतो. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही दिल्लीच्या आकाशात सूर्य क्षितिजापासून केवळ ३८ अंशांच्या सुमारास असतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांहून वर चढतो. याचा अर्थ असा की मुंबईत दुपारी बारा-साडेबाराला आपली सावली आपल्याहून आखूड पडते, आणि दिल्लीत मात्र ऐन दुपारीही ती आपल्याहून लांब असते. दिवसभर ऊन तिरपे राहते. चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळे खड्डे पडत नाहीत, भिंतीचा पोत दिसतो, चालणाऱ्यापुढे त्याची सावली चालते. मुंबई-पुण्याहून प्रथमच आलेल्या माणसाला या उन्हात काहीतरी वेगळे आहे हे जाणवते. कारण सांगता येत नाही. कारण हे आहे.

आता धुके. पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे उत्तरेत पाऊस होऊन जातो, जमीन ओलावते, मग आकाश निरभ्र होते आणि वारा पडतो. अशा रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशाला देऊन टाकते, तिच्यालगतची हवा निवते आणि त्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. वर किंचित उबदार हवेचे झाकण असल्याने हे सारे खालीच कोंडून राहते. दृश्यता एक किलोमीटरच्या आत आली की हवामान खाते त्यास धुके म्हणते. ५० मीटरच्या आत आली की अतिदाट धुके. पन्नास मीटर म्हणजे समोरच्या इमारतीचे फाटकसुद्धा दिसेनासे होणे.

अशा सकाळी चित्र काढणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: डोळ्यांना धुके शुभ्र दिसले, चित्रात ते मळकट राखाडी आले. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो, म्हणून पांढऱ्यालाही करडे करून टाकतो. त्याचे न ऐकता प्रकाश एक ते दीड घर वाढवून द्यावा. मोबाईलने चित्र काढणाऱ्यांनी पडद्यावर बोट टेकवून उजेड थोडा वर सरकवावा. तेवढ्याने काम भागते. दुसरे असे की धुक्याचे चित्र धुक्याने होत नाही, जवळच्या काळ्या वस्तूने होते. कडुनिंबाचे खोड, दुधाचे कॅन अडकवलेली सायकल, विजेचा खांब असे काही जवळ असले म्हणजेच मागची पांढरी पोकळी दिसू लागते. आणि बाहेरून उबदार खोलीत येताच कॅमेरा पिशवीतून काढू नये; भिंगावर दव धरते. पिशवी बंद ठेवून त्याला अर्धा तास खोलीशी ओळख करून घेऊ द्यावी.

धुके आणि धुरके यांतील भेद मात्र छायाचित्रकाराने कटाक्षाने पाळला पाहिजे असे आमचे आग्रहाचे मत आहे. दिवाळीच्या आगेमागे दिल्लीवर जे उतरते ते धुके नव्हे. तो वाहनांचा व कारखान्यांचा धूर, बांधकामाची धूळ, शेतांतील पेटवलेले खुंट आणि फटाके यांचा निवांत हवेत साचलेला थर असतो. नोव्हेंबर २०१६ मधील ते दिवस येथल्या कोणालाही विसरता येणार नाहीत. शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. शहरात काही उपाय झाले आहेत. २००२ अखेर सार्वजनिक बसगाड्या नैसर्गिक वायूवर आल्या, बदरपूरचे कोळशाचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले. तरीही धुरके दरवर्षी येतेच. डोळ्यांना त्याची ओळख पटते: धुके पांढरे असते आणि सूर्य वर आला की बहुधा विरते, धुरके पिवळट-तपकिरी असते, दुपारीही हलत नाही, आणि त्यातून सूर्य तांब्याच्या थाळीसारखा दिसतो. ती थाळी चित्रात फार देखणी येते हीच तर अडचण आहे. अशा चित्राखाली ‘धुक्यात न्हालेली राजधानी’ असे लिहिणे म्हणजे खोटी नोंद करणे होय. चित्र अवश्य काढावे, पण खाली महिना आणि ‘धुरके’ हा शब्द असावा. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे त्या घराला या शब्दाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

हिवाळ्यातल्या शहराचे चित्रण ही काही आजची कल्पना नव्हे. १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर आल्फ्रेड स्टीगलिट्झ हातातला लहान कॅमेरा घेऊन हिमवादळात तीन तास उभे होते. समोरून येणारी घोडागाडी आणि बर्फात रुतलेली चाकोरी हवी तशी मिळेपर्यंत ते हलले नाहीत. आपल्याकडे होमाई व्यारावाला यांचे नाव घेतले पाहिजे. त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, १९४२ साली दिल्लीत आल्या, आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि २०१२ साली त्या निवर्तल्या. त्यांची नेत्यांची चित्रे सर्वांना ठाऊक आहेत. आम्हांला मात्र त्यांनी मुंबईच्या दिवसांत टिपलेली साध्या जीवनाची चित्रे अधिक मोलाची वाटतात. नेत्यांची चित्रे घेणारे पुष्कळ होते.

दिल्लीच्या हिवाळ्यात टिपावे असे काय आहे, याची यादी करू लागलो तर ही सभा रात्रीपर्यंत चालेल. तरी दोन-तीन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. चांदणी चौकात, किनारी बाजाराच्या बाजूला सकाळी ‘दौलत की चाट’ विकणारे दिसतात. दूध रात्री घुसळून काढलेला तो फेस, वर केशर, खवा आणि साखर. ऊन तापले की फेस बसू लागतो. म्हणून हा पदार्थ थंडीपुरताच, आणि त्याचे चित्र सकाळपुरते. भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगावर निखाऱ्यांचे लहानसे मडके ठेवून फिरणारी हातगाडी तर आपल्या दारावरूनच जाते. संध्याकाळी दिव्याखाली त्या मडक्याचा धूर पाहावा. प्रजासत्ताक दिनाच्या आधी कर्तव्यपथावर, म्हणजे २०२२ पूर्वीच्या राजपथावर, पहाटे चालणाऱ्या सरावात धुक्यातून आधी बुटांचा आवाज येतो आणि मग माणसे येतात. आणि कापूस पिंजणारा. आपल्याकडचा पिंजारी तो येथला धुनिया. खांद्यावर धनुकली टाकून, तिच्या तातेचा टणत्कार करीत तो गल्लीतून जाई आणि घराघरांतून जुन्या रजया बाहेर येत. आता यंत्राने पिंजणारी दुकाने झाली. धनुकली क्वचित दिसते. दिसली तर थांबावे. उडणारा कापूस तिरप्या उन्हात जसा चमकतो तसा तो यंत्राच्या खोलीत चमकत नाही.

आता थोडा अवघड भाग. थंडीच्या रात्री एखाद्या मोठ्या रुग्णालयाबाहेरच्या पदपथावरून चालत गेले तर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले रुग्णांचे नातेवाईक पांघरुणात डोक्यापर्यंत गुरफटून ओळीने झोपलेले दिसतात. रैनबसेरे आहेत, हिवाळ्यात तंबूही उभारले जातात. तरी पदपथ रिकामा होत नाही. त्यावर दिव्याचा पिवळा उजेड, भोवती धुके. चित्र म्हणून पाहिले तर काही उणे नाही. ते काढावे काय?

एक पक्ष म्हणतो, काढावे. दाखविल्यावाचून कोणाला कळणार? दुसरा म्हणतो, दुसऱ्याच्या दैन्यावर आपली कला पोसू नये. आम्हांला दोन्ही पक्ष अर्धे वाटतात. झोपलेला माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याचे चित्र घेऊ नये, एवढी रेघ आम्ही स्वतःपुरती ओढली आहे. जागा असेल, शेकोटीपाशी बसला असेल, तर त्याच्याशेजारी बसावे, कोठून आला, कोण आजारी आहे हे ऐकावे आणि मग विचारावे. यात पुष्कळ चित्रे हुकतात. हुकू द्यावीत. खारी बावलीत आम्ही एका वयस्क हमालाला विचारले, तेव्हा तो “ज़रा रुकिए” म्हणून उठला, अंगावरचे पोते बाजूला ठेवले, मफलर सोडून नीट बांधला, आणि ताठ उभा राहिला. आम्हांला पोते पांघरलेला मनुष्य हवा होता. त्याला आपण तसे दिसायला नको होते. आम्ही तो जसा उभा राहिला तसाच घेतला, आणि आठ दिवसांनी छापील प्रत नेऊन दिली. ती त्याने कागदात गुंडाळून आतल्या खिशात ठेवली. गावी पाठवायची होती.

बाहेरच्यांच्या बाबतीत इतका विचार करावा लागतो. घरच्यांच्या बाबतीत तोही अडसर नाही. आणि तरीही येथील मराठी कुटुंबांचे जुने आल्बम उघडले तर काय दिसते? कुतुबमिनारापुढे काका-काकू, इंडिया गेटपुढे मावशी, ताजमहालापुढे सर्वजण, आणि मंडळाचा गणपती. पाहुणे आले की कॅमेरा निघे आणि पाहुणे गेले की कपाटात जाई. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर यांसारख्या वसाहतींत कितीतरी मराठी संसार झाले. जुलै २०१६ मध्ये केंद्र सरकारने अशा सात वसाहतींच्या पुनर्बांधणीस मंजुरी दिली आणि त्यानंतर जुनी बैठी-दुमजली घरे टप्प्याटप्प्याने पाडली जाऊ लागली. नवी घरे उंच आणि सोयीची असतील, त्याविषयी तक्रार नाही. परंतु रविवारी अंगणात खाट टाकून गाजरे किसणाऱ्या मराठी, पंजाबी आणि तमिळ बायका, संक्रांतीचा हलवा करताना शेगडीभोवती जमलेली मुले, कुंपणावर वाळत घातलेल्या रजया हे कोणत्या आल्बमात आहे? चुकून असते ते मागच्या बाजूला. काकांच्या खांद्यामागे एखादी रजई दिसते, शेजारच्या मावशींचा अर्धा हात आणि त्यातल्या विणकामाच्या सुया दिसतात.

तेव्हा आमची विनंती अशी की असे आल्बम पुन्हा एकदा काढावेत आणि चित्रातील माणसांऐवजी मागची बाजू पाहावी. जे ओळखता येईल ते, म्हणजे वसाहत, घराचा क्रमांक, साल, शेजाऱ्यांचे आडनाव, मऊ पेन्सिलीने चित्राच्या पाठीवर लिहावे. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढे उमटतो. ज्यांच्या घरी आई-वडील अजून सांगू शकतात त्यांनी हे काम या हिवाळ्यातच करावे, दुपारी, त्यांना उन्हात बसवून. आणि त्या वेळचे एक चित्र घ्यावे.