किशोरवयाला मिळणारी मुदत



मुकुंदराज आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईत स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत करतो. किशोरवयीन मुलांचं मन आणि त्यांच्या भोवतीची संस्कृती या विषयावरची परिषद इथेच भरावी, असा आग्रह आम्ही धरला होता. त्याचं कारण सांगतो.

स्टॅन्ली हॉल यांनी 1904 साली किशोरवयाला वादळाचा काळ म्हटलं. सामोआत राहून आलेल्या मार्गारेट मीड यांनी 1928 साली लिहिलं, की तिथल्या मुली असल्या वादळाविनाच मोठ्या होतात. 1983 साली डेरेक फ्रीमन यांनी मीडबाईंच्या निष्कर्षांनाच आव्हान दिलं. हा वाद आपल्याला पाठ आहे. मला इथे एरिक एरिक्सन अधिक जवळचे वाटतात. मोठेपणाच्या जबाबदाऱ्या थोड्या लांबवून स्वतःचा शोध घ्यायला समाज तरुणांना मुदत देतो, असं त्यांनी मांडलं. आमच्याकडे ही मुदत कुणाला मिळते?

इथून तास-सव्वा तासावरच्या लातुरात सोळा वर्षांचा मुलगा खोली घेऊन राहतो, मेसचा डबा लावतो आणि डॉक्टर व्हायच्या तयारीला लागतो. त्याला दोन वर्षं मिळतात, पण ती एका परीक्षेच्या नावावर लिहिलेली असतात. इकडे केज-धारूरमध्ये दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. वयात आलेल्या लेकीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? सोबत न्यावं, तर फडाजवळच्या कोपीला दार नसतं. मग सोयरीक बघितली जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अशा आईबापांना अडाणी ठरवणारे निबंध मी पुष्कळ ऐकले आहेत आणि दर वेळी मला त्यांचा राग आला आहे. त्या आईची भीती खरी आहे. तिच्या लेकीला राहायला सुरक्षित जागा नसेल, तर आपलं समुपदेशन तिच्या काय कामाचं?

म्हणून उद्या दुपारच्या सत्रात निबंधवाचन ठेवलेलं नाही. हंगामी वसतिगृहात राहून शिकलेल्या मुली बोलतील, आपण ऐकायचं आहे. प्रश्नावल्या तेवढ्या वेळापुरत्या पिशवीतच राहू द्या. त्यांनी विचारलं, तर मात्र उत्तर द्यायची तयारी ठेवा.

आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी त्यांना विनंती करतो.