रोमची लांडगी आणि सेल्टांचा लांडगा
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत वाचनकट्ट्यातर्फे झालेले भाषण)



गणपतीच्या मंडपात लांडग्यांवर भाषण, हे पत्रिकेत वाचून काही भुवया उंचावल्या असे आमच्या कानावर आले. बरेच झाले, निदान पत्रिका वाचली गेली! पण विषय आम्ही ओढूनताणून आणलेला नाही. यंदा आपल्या ग्रंथालयाला इंग्रजी कादंबऱ्यांचे एक खोके देणगीत मिळाले. त्यात अ‍ॅलिस बोर्चार्ट या अमेरिकन लेखिकेच्या तीन कादंबऱ्या निघाल्या. काळ प्राचीन रोमचा आणि त्यानंतरचा, आणि नायक-नायिका रात्री लांडगा होणारी माणसे. ही पुस्तके कपाटात ठेवायची की रद्दीत द्यायची, यावर कार्यकारिणीत तास-दीड तास वाद झाला आणि शेवटी प्रकरण वाचनकट्ट्याकडे आले. आम्ही सहा जणांनी ती वाचली, त्यांच्यामागच्या जुन्या कथाही शोधून वाचल्या. आजचे भाषण म्हणजे आमचा अहवालच समजा.

आधी शब्दाचे पाहू. इंग्रजीत या माणसाला 'वेअरवुल्फ' म्हणतात. यातला 'वुल्फ' म्हणजे आपला संस्कृत 'वृक'; भीमाचे वृकोदर हे नाव ज्यावरून पडले तोच. लॅटिनमधला 'लुपुस' आणि ग्रीक 'ल्युकोस' हेही याच घराण्यातले. आणि 'वेअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत पुरुष. तो आपल्या 'वीर' शब्दाचा सख्खा भाऊ. म्हणजे वेअरवुल्फचे शब्दशः संस्कृत केले तर 'वीरवृक' होईल. इतका आपला निघालेला शब्द परका म्हणून रद्दीत कसा घालायचा, असे आमच्यातल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिकांनी विचारले. आम्ही मात्र बोलायला सोपे म्हणून 'लांडगामाणूस' म्हणणार आहोत.

पौर्णिमेचा चंद्र, चांदीची गोळी, चावल्यावर होणारी लागण, हे सगळे तुम्ही सिनेमात पाहिले असेल. त्यातले बरेचसे पक्के केले ते विसाव्या शतकातल्या चित्रपटांनी, विशेषतः १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'ने. जुन्या रोमन गोष्टीत यातले फारसे नाही. तिथे महत्त्व आहे ते कपड्यांना.

पहिल्या शतकात, नीरो बादशहाच्या काळात, पेट्रोनियस नावाच्या लेखकाने 'सॅटिरिकॉन' लिहिले. ते आज तुकड्यातुकड्यांतच उरले आहे. त्यात त्रिमाल्किओ नावाचा एक गब्बर माणूस मेजवानी देतो. हा पूर्वीचा गुलाम, आता पैशात लोळणारा. पंगतीत त्याचा मित्र निसेरॉस आहे, तोही पूर्वाश्रमीचा गुलाम. त्याला गोष्ट सांगायचा आग्रह होतो, तेव्हा तो म्हणतो, सांगतो खरी, पण ही शिकलेली मंडळी मला हसतील. आम्हाला हे वाक्य फार आवडले. लांडगामाणसाची ही प्रसिद्ध रोमन कथा कुणा पंडिताच्या तोंडची नाही. हसण्याला भिणाऱ्या एका माजी गुलामाच्या तोंडची आहे.

गोष्ट अशी. मालक कापुआला गेलेला. निसेरॉसचे मन मेलिसा नावाच्या बाईवर बसलेले. रात्री तिच्या घरी जाताना सोबत म्हणून तो घरी उतरलेल्या एका शिपायाला घेतो. चंद्र दुपारच्या उन्हासारखा लख्ख. वाटेत थडगी लागतात. तिथे शिपाई अंगावरचे सगळे कपडे काढून रस्त्याच्या कडेला ठेवतो, त्यांच्याभोवती लघवीचे रिंगण करतो आणि एकाएकी लांडगा होऊन ओरडत रानात पळतो. निसेरॉस कपडे उचलायला जातो, तर त्यांचा दगड झालेला! भीतीने अर्धमेला होऊन, सावल्यांवर तलवार चालवत तो कसाबसा मेलिसाचे घर गाठतो. ती म्हणते, थोडा आधी आला असतास तर मदत झाली असती. लांडगा शिरला आणि सगळ्या मेंढ्यांचे रक्त काढून गेला, पण आमच्या गड्याने त्याच्या मानेत भाला खुपसला. उजाडल्यावर निसेरॉस घरी धावतो. कपड्यांच्या जागी नुसते रक्त. घरी शिपाई बैलासारखा आडवा पडलेला आणि वैद्य त्याची मान बांधतो आहे. त्यानंतर त्या माणसाबरोबर आपल्याला घासभर भाकरीही खाववली नाही, असे निसेरॉस सांगतो.

आपले हे शहर होळकरांचे, आणि होळकर मूळचे धनगर. मेंढवाड्यात लांडगा शिरणे म्हणजे काय, हे त्या परंपरेला कुणी समजावून सांगायला नको. गोष्टीतले भय चंद्राचे नाही, मेंढरांचे आहे. जो काल आपल्याबरोबर जेवला तोच रात्री आपल्या वाड्यात शिरला, हे आहे.

कपड्यांची ही गंमत पुढेही येते. त्याच शतकातला प्लिनी आपल्या 'निसर्गेतिहासा'त ग्रीसमधल्या आर्केडियाची एक कथा देतो. तिथल्या एका घराण्यातला माणूस चिठ्ठी टाकून निवडायचा, त्याला एका तळ्याकाठी न्यायचे. तो कपडे ओकच्या झाडाला टांगतो, पोहत पलीकडे जातो आणि लांडगा होतो. नऊ वर्षे माणसाचे मांस खाल्ले नाही तर तो पुन्हा पोहून येतो आणि माणूस होतो. प्लिनीला यातले काही पटत नाही. ग्रीकांच्या भाबडेपणाची तो टिंगल करतो. तेच कपडे परत मिळतात म्हणे, हे तर त्याला फारच झाले असे वाटते. आम्हाला मात्र वाटले, सगळी कथा त्या झाडावरच्या कपड्यांतच आहे. नऊ वर्षे ते कुणी हलवले नाहीत, म्हणून तो परत येऊ शकला.

आता दुसरी बाजू. रोम स्वतःला लांडगीचे लेकरू म्हणवतो. रोम्युलस आणि रेमस यांना लांडगीने पाजले. (आपल्याकडे हे वाचून कुणाला नवल वाटू नये, किपलिंगचा मोगली ज्या सिवनीच्या डोंगरात लांडग्यांनी वाढवला, ते सिवनी आपल्याच मध्य प्रदेशात आहे.) दरवर्षी १५ फेब्रुवारीला पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याच्या त्या गुहेपाशी 'लुपरकालिया'चा उत्सव व्हायचा. इसवी सनपूर्व ४४ मध्ये याच दिवशी मार्क अँटनीने सीझरला मुकुट देऊ केला आणि बरोबर महिन्याभराने, १५ मार्चला, सीझरचा खून झाला. रोमच्या सैन्यातले हलके पायदळ शिरस्त्राणावर लांडग्याचे कातडे चढवायचे आणि जुन्या काळी लांडगा हे सैन्याच्या निशाणांपैकी एक होते. म्हणजे स्वतःच्या कातड्यावर लांडगा असला की तो पराक्रम. समोरच्याच्या कातड्यावर असला की तो राक्षस.

समोरचे कोण? सीझरने इसवी सनपूर्व ५८ पासून आठ-नऊ वर्षे लढून गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकले. तिथले सेल्ट लोक. त्यांचा सेनापती व्हर्सिंजेटोरिक्स ५२ साली अलेसियाला शरण आला, सहा वर्षे कैदेत राहिला, सीझरच्या विजययात्रेत मिरवला गेला आणि मग मारला गेला. हे सगळे आपल्याला कुणी सांगितले? मुख्यतः सीझरनेच. सेल्टांचे पुरोहित ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत, पाठ करत. हेही सीझरच लिहितो. जिंकणाऱ्याकडे लेखणी होती आणि हरणाऱ्याकडे पाठांतर. पाठांतर करणारे मेले की सगळे गेले.

यापुढची गोष्ट रोमन नाही, बाराव्या शतकातली आहे. इंग्रजांनी आयर्लंडवर नुकताच पाय रोवला होता तेव्हा वेल्सचा जेराल्ड नावाचा एक धर्माधिकारी तिथे गेला, राजघराण्याच्या मर्जीतला. त्याने लिहिले आहे की अल्स्टरहून मीथकडे जाणारा एक पाद्री रात्री जंगलात शेकोटीशी बसला असताना एक लांडगा आला आणि माणसासारखा बोलू लागला. म्हणाला, आम्ही ऑसरीचे. आमच्यावर शाप आहे. दर सात वर्षांनी आमच्यातले एक स्त्री-पुरुष लांडगा होऊन घर सोडतात. माझी सोबतीण मरणाला टेकली आहे, तिला शेवटचा प्रसाद द्या. पाद्री कचरला, तेव्हा लांडग्याने पंजाने तिचे कातडे डोक्यापासून नाभीपर्यंत सोलले आणि आत एक म्हातारी बाई दिसली. तिला प्रसाद मिळाला. लांडग्याने रात्र पाद्र्याबरोबर शेकोटीशी काढली, आणि सकाळी त्याला वाट दाखवली.

इथपर्यंत वाचताना आमच्यातल्या दोघींचे डोळे भरून आले. पण पुढे पाद्री विचारतो, हे परके आमच्या देशात किती काळ राहतील? आणि लांडगा उत्तर देतो की आमच्याच लोकांच्या पापांमुळे देवाने आम्हाला शत्रूच्या हाती दिले. पाहा! जिंकलेल्या देशाचा लांडगासुद्धा जेत्याला सोयीचे तेच बोलतो, कारण लेखणी जेत्याच्या माणसाची. आयरिश भाषेत लांडग्याला 'माक तीरे' म्हणतात. अर्थ, 'भूमीचा मुलगा'. आपल्याकडचा भूमिपुत्रच. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या राजवटीने लांडगा मारणाऱ्याला बक्षिसे लावली आणि अठरावे शतक सरता सरता आयर्लंडमधला हा भूमिपुत्र संपला.

आता बोर्चार्टबाईंकडे येऊ. त्या पेशाने नर्स, कादंबरीकार अ‍ॅन राइस यांची थोरली बहीण. २००७ मध्ये वारल्या. 'द सिल्व्हर वुल्फ' हे पहिले पुस्तक १९९८ चे, आठव्या शतकातल्या पडझड झालेल्या रोममधले. आम्हाला महत्त्वाचे वाटले ते १९९९ चे 'नाइट ऑफ द वुल्फ', सीझरच्या काळातले. त्यात बाईंनी सगळे उलटे केले आहे. मेनिएल हा त्यांचा नायक लांडगा होणारा माणूस नाही. तो जन्माचा लांडगा आहे आणि माणूस होतो. गॉल त्याच्या नजरेने, खरे तर त्याच्या नाकाने, आपल्याला दिसते: धूर, रक्त, ओली पाने, रोमन छावणीचा वास. सीझरने जे लिहिले नाही ते कुणी तरी कल्पनेने का होईना, लिहिले. ड्रुइडांबद्दल बाईंनी पुष्कळ मनचे भरले आहे. भरणे भागच होते, कागद कुठे होता? वर्णनांचा मात्र सोस आहे, मधली दीडशे पाने आम्ही कशीबशी ओलांडली. आणि हिंसा आहे, शरीरसंबंधांची वर्णने आहेत. ही पुस्तके मुलांच्या कपाटात ठेवू नयेत, हे कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे.

पण रद्दीत नाही. एका काकांनी विचारले होते, गणपतीच्या दिवसांत हे अर्धा माणूस अर्धे जनावर कशाला? काका, समोर मखरात पाहा. आणि नृसिंह तर कित्येकांचे कुलदैवत. माणसात जनावर दिसले की दचकावे, ही रोमची सवय, आपली नाही.

मुलांसाठी आम्ही एक वेगळे पुस्तक सुचवतो. रोझमेरी सटक्लिफ यांचे 'द ईगल ऑफ द नाइन्थ', १९५४ चे. यात लांडगामाणूस नाही, लांडग्याचे पिल्लू आहे. जखमी रोमन अधिकारी मार्कस आणि त्याचा ब्रिटिश गुलाम एस्का ते वाढवतात. पिल्लू मोठे झाल्यावर मार्कस त्याच्या गळ्यातला पट्टा काढतो, जायचे तर जा म्हणून. एस्कालाही तो गुलामीतून मोकळे करतो. दोघांपैकी कोण परत येते, ते मुलांनी वाचूनच पाहावे. शक्य झाले तर आजी-आजोबांनी शेजारी बसून त्यातली चार पाने मराठीत सांगावीत. आमच्यातल्या एकांनी नातवावर हा प्रयोग सुरू केला आहे. नातू आता 'लांडगीण' की 'लांडगी' यावर आजोबांशी भांडतो.

तर अहवाल असा: बोर्चार्ट मोठ्यांच्या कपाटात, इंग्रजी विभाग, खालचा कप्पा. सटक्लिफ बालविभागात, एकच प्रत आहे, तेव्हा पंधरा दिवसांपेक्षा जास्त कुणी ठेवू नये. ही पुस्तके अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारपासून मिळतील. नोंदवही खिडकीजवळ ठेवली आहे.