पाळी थांबल्यावरचं औषध : कुणाला कोणतं चालतं?

आम्ही विजयदुर्ग परिसरातल्या बचत गटांच्या बाया. गेल्या काही महिन्यांत आमच्या मासिक बैठकीत हप्ते आणि हिशेब आटोपले की एकच विषय निघतो. एक काकी म्हणतात, "आंगातसून वाफा येतत गो, रात्री झोपच नाय." दुसरी म्हणते, "माझी पाळी गेली, सुटलंय बाय!" आणि तिसरी हळूच विचारते, "त्याच्यार गोळी असता म्हणतत, ती घ्यायची काय?" आज आम्ही त्या तिसरीच्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती कायमची थांबली असं डॉक्टर धरतात. यालाच रजोनिवृत्ती म्हणतात. आपल्या देशात बहुतेक बायकांची पाळी ४६-४७ च्या आसपास जाते. युरोप-अमेरिकेत हे वय ५१ च्या जवळ आहे. चाळिशीच्या आधी पाळी थांबली, तर ते लवकर झालं, त्याचं कारण शोधायलाच हवं.

आपल्या अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं. ते कमी झालं की शरीर कुरकुर करतं. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना घाम सगळ्यांनाच येतो. पण थंडीत पहाटे गोधडी भिरकावून उठून बसावं लागतं, तेव्हा ती हवेतली उष्णता नसते. अंगातून वाफ येणं, छातीत धडधडणं, झोप उडणं, चिडचिड, विसरायला होणं, सांधे दुखणं, खालच्या जागी कोरडेपणा, लघवीला जळजळ, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, हे सगळं याच खात्यातलं. कुणाला सहा महिने त्रास होतो, कुणाला सात-आठ वर्षं. काहींना काहीच होत नाही. ज्यांना काही होत नाही, त्यांना औषधाची गरज नाही.

ज्यांना खूप त्रास होतो, त्यांच्यासाठी हार्मोनचा उपचार आहे. शरीरात जे कमी पडलं, ते थोड्या प्रमाणात बाहेरून द्यायचं. वाफा आणि घाम यांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध नाही, आणि हाडंही त्याने टिकतात. पण शेजारणीला चाललेली गोळी आपल्याला चालेलच असं नाही. ब्लाऊज जसा प्रत्येकीच्या मापाने शिवतात, तसंच हे आहे.

पहिलं माप गर्भपिशवीचं. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन घेऊन चालत नाही. त्याने पिशवीचं अस्तर वाढतं आणि पुढे कॅन्सरचा धोका होतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं. पिशवी काढलेली असेल, तर बहुतेकींना नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. त्यामुळे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं, "माझी पिशवी आहे" किंवा "काढलेली आहे". काढली असेल तर अंडाशयही काढलं का, ते ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद सोबत न्या.

दुसरं माप, औषध कुठल्या रूपात घ्यायचं. गोळी असते, अंगाला लावायचं जेल असतं. गोळी पोटातून यकृतात जाते, आणि त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. जेल कातडीतून थेट रक्तात जातं, त्यात हा वाढीव धोका दिसलेला नाही. म्हणून वजन जास्त असेल, रक्तदाब असेल, अर्धशिशी असेल, तर डॉक्टर बहुधा जेलचा विचार करतात. जेल लावून ते वाळू द्यायचं, हात धुवायचे, आणि लावलेल्या जागेला लहान मुलाचं अंग लागू द्यायचं नाही. नातवंडं कडेवर घेणाऱ्या आज्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

तिसरं, ज्यांना वाफा वगैरे काही नाहीत, फक्त खालचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ आहे, त्यांना आत लावायचं हार्मोनचं मलम मिळतं. त्याचा डोस फार कमी असतो आणि तो रक्तात अगदी थोडा जातो. या त्रासाबद्दल बाया बोलतच नाहीत. वर्षानुवर्षं लघवीच्या गोळ्या खातात आणि मूळ कारण तसंच राहतं.

आता हे औषध कुणी घेऊ नये, ते नीट ऐका. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा चालू आजार असेल, किंवा अंगावरून रक्त जातंय आणि कारण कळलेलं नाही, तर स्वतःच्या मनाने यातलं काहीही घ्यायचं नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी ती "परत आलेली पाळी" नव्हे. आमच्या ओळखीच्या एका आजींनी असं दिसल्यावर ते कुणाला सांगितलं नाही, देवळात जायचं तेवढं बंद केलं. सुनेच्या लक्षात आलं म्हणून सोनोग्राफी झाली आणि वेळेवर उपचार मिळाले. असं रक्त लपवू नका.

"हार्मोन घेतलं की कॅन्सर होता" असंही कुणीतरी म्हणतंच. ही भीती कुठून आली? अमेरिकेत एक मोठा अभ्यास चालू होता. त्यात १६ हजारांहून जास्त बायकांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध अशा जोडगोळीची तपासणी चालली होती. २००२ साली तो भाग मध्येच थांबवला, कारण घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला. तो किती जास्त होता? वर्षाला दहा हजार बायकांमागे साधारण आठ जणी. बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी औषध सोडलं. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि पाळी जाऊन बहुतेकींना बरीच वर्षं झाली होती. पुढे वयाप्रमाणे आकडे वेगळे काढले, तेव्हा साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्या निरोगी बाईला धोक्यापेक्षा फायदा जास्त दिसला. पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. म्हणजे धोका शून्य नाही, पण तो केवढा आणि कुणाला, हे समजून मग ठरवायचं.

आता एक वेगळी गोष्ट. आपल्या राज्यात बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये बाहेर आलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडला तर मजुरी जाते, अंगावरून जातं, कॅन्सरची भीती दाखवली जाते, अशी कारणं होती. आपल्याकडे ऊसतोडणी नाही, पण "मुलं झाली, आता पिशवी कशाला हवी?" हे वाक्य आपल्या वाडीतही ऐकू येतं.

तरुण वयात पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, एका दिवसात येते. वाफा जोरात येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचाही धोका वाढतो. अशा बाईला दुसरी काही अडचण नसेल, तर निदान नेहमीच्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन घ्यायला डॉक्टर सांगतात. आमच्या एका गटात ४१ वर्षांची बाई आहे. तिचं ऑपरेशन ३६ व्या वर्षी झालं. पाच वर्षं तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात साधी घसरली आणि मनगट मोडलं, तेव्हा विषय निघाला. तुमच्या गटात अशी कुणी असेल, तर आजचं बोलणं तिच्या कानावर घाला.

मग आपल्याला चालणारं औषध शोधायचं कसं? सुरुवात कमी डोसने होते. निदान तीन महिने द्यावे लागतात. पहिल्या काही महिन्यांत स्तन दुखणं, पोट फुगणं, मळमळ, मध्येच थोडं डाग दिसणं असं होऊ शकतं. बऱ्याचदा ते आपोआप कमी होतं. नाही झालं, तर डोस बदलता येतो, गोळीऐवजी जेल देता येतं, प्रोजेस्टेरॉनचा प्रकार बदलता येतो. काही प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते, म्हणून ते रात्री झोपताना घेतात. जेटीवर मासे विकणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीला गोळीने डोकं दुखायला लागलं. ती पाकीट फेकून देणार होती. गटातल्या बायांनी तिला परत डॉक्टरांकडे पाठवलं. जेल सुरू झालं आणि दोन महिन्यांत ती रात्रभर झोपायला लागली. डाग सहा महिन्यांनंतरही दिसत राहिले किंवा रक्त जास्त गेलं, तर मात्र थांबायचं नाही, दाखवायचं. दरवर्षी एकदा रक्तदाब, साखर, स्तनाची तपासणी, आणि अजून औषध लागतंय का याचा विचार व्हायलाच हवा. आणि हो, हे औषध कुटुंबनियोजनाचं नाही. पाळी नुकतीच अनियमित झाली असेल, तर दिवस राहू शकतात.

ज्यांना हार्मोन चालत नाही किंवा नको आहे, त्यांच्यासाठी वाफा कमी करणारी बिनहार्मोनची औषधंही आहेत. तीही डॉक्टरांनीच द्यायची. औषध घेवो न घेवो, हाडांची काळजी सगळ्यांनी घ्यायची. नाचणीची भाकरी, काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी, तीळ, दूध-ताक, सकाळचं कोवळं ऊन आणि रोजचं चालणं. तंबाखूची मिश्री मात्र सोडा.

दवाखान्यात जाताना एक वही न्या. महिनाभर लिहा: वाफा दिवसातून किती वेळा, झोप किती, रक्त दिसलं का, चालू औषधं कोणती. आई-मावशी-बहिणीत कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, तेही लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा, किंवा दिवसागणिक काड्या ओढा. डॉक्टर घाईत असले तरी वही बोलते. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथून ई-संजीवनीवर तज्ज्ञांशी बोलता येतं का, ते विचारा. देवगड, कणकवली किंवा ओरोसच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात, ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या. गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी वाया जाणार नाही. औषध मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.

शेवटी पैशाचं. आपल्या गटाच्या वह्या उघडून बघा. अंतर्गत कर्ज मुलाच्या फीसाठी निघतं, जाळ्यासाठी निघतं, लग्नासाठी निघतं. बाईच्या स्वतःच्या तपासणीसाठी किती वेळा निघालं? आमच्या गटांनी ठरवलंय, दर महिन्याला प्रत्येकीने दहा रुपये आरोग्यासाठी वेगळे टाकायचे, आणि चाळिशीपुढच्या मैत्रिणींनी जोडीजोडीने तपासणीला जायचं. सोबत कुणी असलं की डॉक्टरांसमोर तोंड उघडतं. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि तुमचं काय ठरलं ते आम्हाला कळवा.