लेकीची सायकल घेताना

आपला तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल, तर आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, शाळेत विचारा. पण दुकानात लेकीला सोबत न्या. मी नेलं नव्हतं. गिअरची झोकदार सायकल आणली. सीटवर बसून तिचे पाय टेकेनात, अन् गिअर बिघडला तर गावात दुरुस्त करणारा कुणी नाही. महिन्यात सायकल गोठ्यात, पोर पुन्हा चार किलोमीटर पायी.

पाटोद्याकडं बालाघाटाचा चढ, तिथं गिअर कामाला येतो. आमच्या गोदाकाठी सपाटच! आता बिनगिअरची घेतली. बसून दोन्ही चवडे टेकतात, ब्रेक तिच्या बोटांत येतो. टायर जाड बघा, वाटेवर बाभळीचे काटे. पंप अन् कुलुपाचे पैसे आधीच बाजूला काढा. सीट वर सरकवता येते ना, तेही बघा. पोरी भराभर वाढतात.