डिस्क रुसली तर घाई नको

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर पोरांचं काम! पण घरातले लग्नाचे फोटो, गटाचे हिशेब, आजीचा आवाज हे सगळं आता हार्ड डिस्कवर असतं, आणि ते गेलं तर हळहळ आपल्यालाच लागते.

आम्ही शिवऱ्याच्या काही बायका जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवतो. एका घरी छोटा संगणक दिवसरात्र चालू असतो, त्याला बाहेरून हार्ड डिस्क जोडलेली आहे. घरच्या वायफायवरून कुणीही मोबाईलवर त्या ओव्या ऐकू शकतं. याला म्हणतात घरचा सर्व्हर. आमचं काम लहान आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून पारी या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या. ओवी गाणारी बाई गेली तरी ओवी राहते, पण ती ज्यावर साठवली ते जपलं तरच.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. रात्रीत तीनदा लाईट गेली आणि आली. सकाळी ओव्यांचं फोल्डर उघडलं तर रिकामं! त्यात एका आजींचा आवाज होता. त्या आता नाहीत, आणि त्यांच्या वर्षश्राद्धाला तो लावायचा असं लेकीनं सांगून ठेवलं होतं.

अशा वेळी पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. फोल्डर रिकामं दिसलं म्हणजे फाइली गेल्या असं नाही. विहिरीत पाणी असतं, पण पाटाचं दारं मोडलेलं नसलं तर वाफा कोरडाच राहतो. डिस्क संगणकाच्या एका फोल्डरला जोडण्याला 'माउंट करणं' म्हणतात. ते झालं नाही तर फोल्डर कोरडं दिसतं. म्हणून त्या रिकाम्या फोल्डरात नवीन काही भरू नका. ते डिस्कवर न जाता संगणकाच्या स्वतःच्या जागेत जातं, आणि ती जागा भरली की संगणकच अडतो.

दुसरी गोष्ट. अशी डिस्क विंडोजच्या संगणकाला लावली की तो विचारतो, 'फॉरमॅट करायचं का?' नाही म्हणायचं. शेजारचा कितीही हुशार मुलगा 'करून टाका' म्हणाला तरी नाही.

मग कान लावायचा. डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरते, आणि वाचणारी सुई केसाच्या जाडीच्या कितीतरी हजाराव्या हिश्श्याएवढ्या अंतरावर तरंगते. एकसारखी टक-टक ऐकू आली तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू केलं तर तबकडी खरवडली जाते. तिथून पुढे जाणकाराचंच काम.

आवाज ठीक असेल तर केबल, पोर्ट आणि अडॅप्टर बघा. मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. बदली अडॅप्टर लावताना व्होल्ट आणि पिनची दिशा तीच हवी, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त.

त्यानंतर संगणकाला विचारायचं. लिनक्सवर एल-एस-बी-एल-के ही आज्ञा दिली की जोडलेल्या डिस्कची यादी येते. यादीत नावच नसेल तर दोष बहुधा केबलचा, विजेचा किंवा डिस्कच्या पेटीतला. नाव असेल पण माउंट नसेल, तर डी-मेसेज या आज्ञेनं संगणकाची रोजनिशी वाचायची. आमच्या रोजनिशीत डिस्क मिनिटामिनिटाला येत-जात होती. आवाज ठीक होता, केबल बदलूनही फरक पडला नाही. अडॅप्टर बदलला आणि डिस्क स्थिर झाली. मग ती माउंटही झाली.

लाईट गेल्यावर लिहिणं अर्धवट राहिलं होतं, त्याचं काय? बचत गटात आपण आधी कच्च्या वहीत टिपतो, मग पक्क्या वहीत उतरवतो. एक्स्ट-फोर पद्धतीची डिस्कही आपल्या नोंदींसाठी अशी कच्ची वही ठेवते आणि माउंट होताना ताळा जमवते. तेवढ्यानं भागलं नाही तर एफ-एस-सी-के ही दुरुस्तीची आज्ञा असते, पण डिस्क माउंट नसतानाच ती द्यायची.

मात्र रोजनिशीत 'आय-ओ एरर' दिसला, आणि केबल-अडॅप्टर बदलूनही राहिला, तर आधी दुरुस्ती नाही, आधी नक्कल. डी-डी-रेस्क्यू हे साधन चांगला भाग आधी उतरवून घेतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर नक्कल घ्या, आणि दुरुस्ती त्या नकलेवर करा.

काही वेळा डिस्क निरोगी असते, फक्त नाव बदललेलं असतं. एखादा पेनड्राइव्ह लावला की कालची 'एस-डी-ए' आज 'एस-डी-बी' होते. म्हणून एफ-एस-टॅब या फाइलीत असं नाव न लिहिता डिस्कचा यू-यू-आय-डी, म्हणजे तिचा कायमचा क्रमांक लिहावा. सोबत 'नोफेल' हा शब्द घातला तर डिस्क नसली तरी संगणक सुरू होतो.

डिस्क परत दिसली, तेव्हा ओव्या वाजवून बघायच्या आधी आम्ही सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. आता नियम केलाय: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. बियाणं आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच हे. सोबत एक छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी संगणक नीट बंद करायला वेळ मिळतो.

वर्षश्राद्धाला आजींचा आवाज लागला. लेकीनं ओवी पुन्हा लावायला सांगितली, आणि दुसऱ्या वेळी ती स्वतःही म्हणू लागली.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एवढंच करा. घरातल्या ज्या आवाजाची, ज्या फोटोची एकच प्रत आहे, तिची दुसरी प्रत करा.