मित्रांसोबत लोणारचा उतार

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात आणि त्यासाठी हौशी मित्रमंडळी उत्तराखंडातील औली किंवा काश्मीरमधील गुलमर्ग गाठतात. बुलढाणा जिल्ह्यात बर्फ नसला, तरी मित्रांनी मिळून उतरावा असा एक विलक्षण उतार लोणार येथे आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकात, पडलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.

काठाजवळ गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. तिथे हातपाय धुऊन झाडीतून गप्पा मारीत खाली उतरले, की तळाशी खारे आणि अल्कधर्मी सरोवर लागते. अल्कधर्मी म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, ज्यात कालवलेली हळद लालसर होते. गोडे आणि खारे पाणी इतके शेजारी नांदताना पाहणे हे रोजच्या धकाधकीत लाभणारे खरोखरच मोठे सुख आहे. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षारता वाढली, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे सरोवर गुलाबी झाले होते. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हा परिसर अभयारण्य असल्याने सहलीला जाणाऱ्यांनी पिशव्या, बाटल्या आणि उरलेले अन्न आपल्यासोबत परत न्यावे.